मराठीचा विद्यार्थी, संगणक आणि रोजगारक्षमता : सोलापूर परिसराच्या संदर्भात

मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या विद्यार्थ्याने काय वाचले आहे, हे आपण अध्यापक सहज सांगू शकतो. त्याला काय येते, हे मात्र आपल्याला तितक्या सहजपणे सांगता येत नाही. महानुभाव गद्यापासून ग्रामीण कथेपर्यंत त्याचा अभ्यासक्रम पसरलेला असतो. परंतु एखाद्या दैनिकाच्या संपादकाने, मुद्रणालयाच्या चालकाने किंवा शासकीय कार्यालयातील अधिकाऱ्याने 'हा कोणते काम करू शकेल?' असे विचारले, तर आपले उत्तर 'भाषेची उत्तम जाण आहे' यापलीकडे जात नाही. भाषेची जाण ही मोठी गोष्ट आहे यात शंका नाही; पण विचारणाऱ्याला ती दिसायला हवी असेल तर ती कुठल्या तरी कामात उतरलेली असावी लागते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राज्य शासनाच्या सेवेत लिपिक-टंकलेखक या पदासाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला किमान ३० शब्दांची अथवा इंग्रजी टंकलेखनाची मिनिटाला किमान ४० शब्दांची अर्हता लागते. सांगोला, मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोट अशा तालुक्यांतून येणारे आपले पदव्युत्तर विद्यार्थी मोठ्या संख्येने या परीक्षांना बसतात. पाच वर्षे मराठी शिकलेल्या विद्यार्थ्याला मराठी टंकलेखनाच्या प्रमाणपत्रासाठी बाहेरच्या संस्थेत शुल्क भरून जावे लागते आणि तिथे त्याच्या शेजारी बसलेला बारावी झालेला मुलगा त्याच्या आधी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. त्या मुलाविषयी आपली तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न आपल्या विभागाचा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित अंगाने करावयाचा आहे. विद्यार्थ्यांच्या रोजगारक्षमतेसाठी महाविद्यालयांनी तंत्रज्ञानाचा उपयोग करावा, हे आता सर्वमान्य विधान आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन होऊन एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला, तेव्हापासून संगणक-साक्षरता ही पदवीच्या जोडीने मिळवावयाची वेगळी वस्तू आहे, असा समज रूढ झाला. मराठीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा समज अपुरा आहे, असे मला वाटते. संहिता सिद्ध करणे, ती तपासणे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे आणि जतन करणे ही आपल्या विषयाची मूळ कामे आहेत. ती सर्व आज संगणकावर होतात. म्हणून संगणक हा आपल्या विषयाच्या आतला प्रश्न आहे.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो : साहित्याच्या विभागाने टंकलेखन शिकवावयाचे काय? आक्षेप घेणाऱ्यांनी मराठी मुद्रणाचा इतिहास आठवावा. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. अक्षरांचे खिळे कसे असावेत, जोडाक्षरे कशी मोडावीत, हा तेव्हापासून मराठी विद्वत्तेचाच एक प्रश्न राहिला आहे. 'केसरी'च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, याचा विचार लोकमान्य टिळकांनी स्वतः केला होता. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील बहुखंडी इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. ही माणसे अक्षरजुळणीला हलके काम समजत नव्हती. हलके समजण्याची रीत विद्यापीठीय विभागांत नंतर आली. ती का आली याचा शोध हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४-९५ पासून पदवी शिक्षणाच्या व्यवसायाभिमुखीकरणाची योजना आणली. त्याच सुमारास 'व्यावहारिक मराठी' किंवा 'उपयोजित मराठी' या नावाच्या अभ्यासपत्रिका सर्वत्र रुळल्या. हेतू चांगला होता. परंतु या पत्रिका आपण साहित्याच्या पत्रिकांप्रमाणेच शिकविल्या. मुद्रितशोधनाच्या खुणा फळ्यावर काढून दाखवल्या, विद्यार्थ्यांनी त्या वहीत उतरवल्या आणि परीक्षेत 'मुद्रितशोधनाचे महत्त्व स्पष्ट करा' या प्रश्नाचे उत्तर लिहिले. एकही मुद्रित न तपासता मुद्रितशोधनात पहिला वर्ग मिळवता येत असे, आणि अनेक ठिकाणी अजूनही येतो. जाहिरातलेखन, वृत्तलेखन, नभोवाणीसाठी लेखन यांचीही थोड्याफार फरकाने हीच गत आहे.

मग सुरुवात कोठून करावी? माझ्या मते लिपीपासून. संगणकावर मराठी कशी लिहिली जाते, हे समजून घेणे म्हणजे देवनागरीच्या रचनेचा अभ्यासच आहे, आणि तो भाषाविज्ञानाच्या तासाला करता येतो. १९९१ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली प्रमाणित केली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणजे प्रमाणाचा पाया तेव्हाच घातला गेला होता. तरीही पुढची अनेक वर्षे आपली मुद्रणालये वेगळ्याच वाटेने गेली. पानांची जुळणी करणारी तेव्हाची लोकप्रिय आज्ञावली युनिकोड जाणत नव्हती. त्यामुळे 'श्री-लिपी'सारख्या फाँटसंचांवर सगळा व्यवहार चालला. या जुन्या फाँटांची युक्ती अशी की, रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाला मात्र ती रोमन अक्षरेच वाटतात. फाँट काढून घेतला की उरते ती निरर्थक अक्षरांची रांग.

विद्यार्थ्यांना हे समजावून सांगताना मला महानुभावांच्या सकळ लिपीचा दृष्टान्त फार उपयोगी पडतो. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर मानण्याचा तो संकेत ज्याच्यापाशी आहे त्यालाच पोथी वाचता येते. इतरांना ती बंद असते. फरक एवढाच की, महानुभावांनी ते जाणूनबुजून केले आणि आपण नकळत. आपल्या कितीतरी प्रबंधांच्या संगणकीय प्रती अशा 'सकळ लिपी'त पडून आहेत. 'शोधगंगा'वर प्रबंध दिसतो, पण त्यातला एखादा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही. नोकरीसाठी पाठवलेला अर्ज पलीकडच्या माणसाला अगम्य चिन्हांच्या रूपात मिळतो, हे तर विद्यार्थ्यांच्या नित्य अनुभवाचे. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे. फाँट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. ही गोष्ट समजलेला विद्यार्थी आणि न समजलेला विद्यार्थी यांच्यात पहिल्या दिवसापासून कामाच्या ठिकाणी अंतर पडते.

यानंतर येतो तो लेखनाच्या बारकाव्यांचा भाग. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे भेद आपण व्याकरणात शिकवतो. कळफलकावर ते दोन वेगवेगळ्या रीतींनी उमटवावे लागतात. रफार उमटवताना साधा 'र' आणि हलन्त चिन्ह लागते. दुसऱ्या रूपासाठी नुक्ताधारी 'ऱ' ची योजना आहे. 'बॅट' आणि 'ॲप' यांतील स्वर एकच असला तरी शब्दारंभी येणारे 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले; तोवर लोक 'अ' वर चंद्र चिकटवून वेळ भागवत. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठी वळणे राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरली आणि २०२२ साली तो निर्णय अद्ययावत करण्यात आला. फाँट हिंदी वळणाचा निवडला तर संकेत तेच राहून अक्षरांचे रूप मात्र बदलते. हे सारे शिकवताना १९६२ साली स्वीकारलेले शुद्धलेखनाचे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर यांचाही अभ्यास ओघाने होतो. नियम पाठ करणाऱ्यापेक्षा नियम बोटांनी वापरणारा विद्यार्थी ते अधिक काळ लक्षात ठेवतो, असे निदान वर्गात दिसते.

कळफलकाच्या निवडीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. बहुतेक विद्यार्थी रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. इंग्रजी वळणाने शब्द लिहायचा, खाली येणाऱ्या पर्यायांतून एक उचलायचा. वरवर हे सोयीचे आहे. परंतु यात ऱ्हस्व-दीर्घाचा, 'न'-'ण' चा, 'ल'-'ळ' चा निर्णय यंत्र घेते आणि लिहिणारा त्याला नुसती मान डोलावतो. भाषेच्या विद्यार्थ्याने हा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवू नये. इन्स्क्रिप्ट मांडणीत एका हाताला स्वर, दुसऱ्या हाताला व्यंजने आणि वर्गातील अल्पप्राण-महाप्राण एकाच कळीवर आहेत. वर्णमालेची शास्त्रीय मांडणी तिथे बोटांखाली येते. सोलापूरसाठी तिचा आणखी एक लाभ आहे, जो पुण्या-नाशिकच्या विभागांना कदाचित तितका जाणवणार नाही. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठी एकच समान मांडणी आहे. मराठीचा 'क' जिथे आहे तिथेच कन्नडचा आणि तेलुगूचाही 'क' आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि ज्याला ती लिपी वाचता येते, त्याला एका मांडणीच्या सरावात दोन-तीन भाषांचे लेखन साधते. ज्यांना ठरावीक मांडणीवर परीक्षा द्यायची आहे त्यांनी अर्थातच त्या परीक्षेच्या नियमाप्रमाणे सराव करावा. पण वर्गातील शिक्षणासाठी माझी पसंती इन्स्क्रिप्टला आहे.

सोलापूरचे हे बहुभाषिक वास्तव आपण सभा-समारंभांतून कौतुकाने सांगतो आणि अभ्यासक्रम आखताना विसरतो. गिरण्या आणि हातमाग-यंत्रमागाच्या निमित्ताने आलेला तेलुगूभाषक पद्मशाली समाज, दक्षिण सोलापूर-अक्कलकोट भागातील कन्नड, शहरातील उर्दू आणि दखनी, आणि या सर्वांना सांधणारी मराठी, अशी ही रचना आहे. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखा तेलुगू मातृभाषेचा कवी मराठीत लिहितो आणि दोन्ही भाषांत अनुवादाचा पूल बांधतो. तेलुगू घरात, सोलापुरातच जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता 'पक्षिकोशा'सारखे काम उभे करतात. अशी माणसे या मातीत होऊन गेली. त्यांची नावे आपण साहित्याच्या इतिहासात घेतो. त्यांनी जे काम केले ते अनुवादाचे आणि कोशरचनेचे काम होते, हे मात्र विद्यार्थ्यांसमोर व्यवसायाची शक्यता म्हणून ठेवत नाही.

आणि आज अनुवादाला मागणी आहे. १९९८ च्या अधिसूचनेनंतर राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णयांच्या अनुवादासाठी 'सुवास' ही संगणकप्रणाली सुरू केली. तिने केलेला अनुवाद माणसाने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. केंद्र शासनाची 'भाषिणी' २०२२ पासून याच दिशेने काम करीत आहे. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये यांना आपले अर्ज आणि सूचना मराठीत हव्या असतात. यंत्र अनुवाद करू लागल्यामुळे अनुवादकाची गरज संपली असे म्हणणे घाईचे आहे. काम बदलले आहे, हे खरे. पूर्वी कोरे पान समोर असे. आता यंत्राने भरलेले पान समोर येते आणि त्यातले खोटे ओळखावे लागते. हे ओळखण्यासाठी कोरे पान भरण्याहून कमी नव्हे, कदाचित अधिक जाण लागते.

एक साधा नमुना पाहू. नियमावलीतील 'खर्च अर्जदाराने सोसावयाचा आहे' अशा आशयाचे इंग्रजी वाक्य यंत्राला दिल्यास 'अर्जदार खर्च सहन करेल' असे काहीसे मराठी हाती येऊ शकते. वाक्य चुकीचे आहे असे कोणी पटकन म्हणणार नाही, आणि धोका तिथेच आहे. 'सोसणे' आणि 'सहन करणे' यांतील छटेचा फरक, कायद्याच्या भाषेतील आज्ञार्थ गळून नुसता भविष्यकाळ उरणे, 'करील' ऐवजी आलेले 'करेल' या तिन्ही गोष्टी मराठीच्या विद्यार्थ्याने बोट ठेवून दाखवल्या पाहिजेत. 'करेल' हे रूप आता इतके पसरले आहे की त्याला चूक म्हणावे की बदल, यावर वर्गात चांगला वाद होतो, तो व्हावा. तपासणीसाठी आधारग्रंथही हाताशी आहेत. १९६० पासून भाषा संचालनालयाने केलेले परिभाषा कोश, पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आज संगणकावर शोधता येतात. वीस खंडांचा मराठी विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. यंत्राचा अनुवाद, कोशातील संज्ञा आणि विद्यार्थ्याचा अंतिम मसुदा असे तीन स्तंभ समोरासमोर मांडून प्रत्येक बदलाचे कारण एका ओळीत लिहावयास लावणे, हा पदव्युत्तर वर्गासाठी उत्तम स्वाध्याय आहे. त्याला लागतो एक संगणक आणि एक तास.

आता ज्या भागाविषयी मला विशेष आग्रहाने लिहावेसे वाटते, त्याकडे वळतो. तो भाग म्हणजे पाठचिकित्सा. आपल्या विषयातील सर्वांत 'निरुपयोगी' समजली जाणारी ही शाखा आज सर्वांत उपयोगी ठरण्याची चिन्हे आहेत.

जुनी पुस्तके, नियतकालिके, कागदपत्रे यांची छायाचित्रे घेऊन त्यांतील मजकूर यंत्राकडून वाचवून घेण्याचे काम ग्रंथालये, वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था आणि शासकीय अभिलेखागारे यांत सुरू आहे. यंत्र वाचते, पण 'ध' ला 'घ' म्हणते, 'भ' ला 'म', 'ष' ला 'प', 'थ' ला 'य'. अनुस्वार गाळते, दोन स्तंभ एकत्र करून वाचते. हस्तलिखितांचा अभ्यास केलेल्या कोणालाही ही यादी वाचून हसू येईल, कारण यातील अक्षरविपर्यास लेखनिकांच्या प्रमादांत शतकानुशतके आढळत आले आहेत. 'लीळाचरित्रा'च्या वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेल्या संपादनाचा किंवा राजवाड्यांच्या १९०९ च्या 'ज्ञानेश्वरी' प्रतीचा परिचय करून देताना आपण पाठभेद कसे निर्माण होतात हे शिकवतोच. तोच धडा यंत्राने वाचलेल्या पानावर लावला की विद्यार्थ्याच्या हाती एक कौशल्य येते.

याहून खोल साम्य पुढे आहे. लेखनिक केवळ डोळ्याने चुकत नसे. तो 'सुधारत'ही असे. न कळलेला जुना शब्द काढून त्या जागी परिचित शब्द घालण्याची त्याची प्रवृत्ती असते. म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, हे पाठचिकित्सेचे तत्त्व सिद्ध झाले. नाथांना शके १५०६ मध्ये 'ज्ञानेश्वरी'चे शुद्धीकरण करावे लागले ते अशा घालमेलीमुळेच. आजचे शब्दसूचक कळफलक, बोललेले लिहून घेणाऱ्या प्रणाली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी लेखनसाधने अगदी हेच करतात. दुर्मीळ शब्दाच्या जागी वारंवार येणारा शब्द बसवणे हा त्यांच्या रचनेचाच भाग आहे, कारण पुढचा शब्द कोणता असण्याचा संभव अधिक, या हिशेबावर त्या चालतात. सोलापुरी बोलीतील 'काय करलालास बे' हे वाक्य अशा प्रणालीला ऐकवून पाहावे. बहुधा ती त्याचे प्रमाण मराठीतील 'काय करतोस' करून टाकील, किंवा भलताच शब्द घालील. बोलीचा पाठ इथे 'अवघड पाठ' आहे, आणि तो राखण्याची जबाबदारी ज्याला अवघड पाठाचे तत्त्व ठाऊक आहे त्याची आहे. मुलाखती, साक्षी, ग्रामसभांची इतिवृत्ते, लोकगीतांचे ध्वनिमुद्रण, जिथे जिथे बोललेले लिहून काढायचे आहे तिथे तिथे हा माणूस लागणार. राज्य मराठी विकास संस्था आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींचे जे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण हाती घेतले, त्याचे नमुने कानांनी ऐकता येतात. लिप्यंकनाच्या सरावासाठी याहून चांगले साहित्य नाही.

मोडीचीही कथा अशीच आहे. मोडी हा विषय गेली अनेक वर्षे हौशी लोकांचा म्हणून बाजूला पडला होता. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीला स्थान दिले तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचू शकणाऱ्यांचा तुटवडा एकाएकी सर्वांना जाणवला. त्या राजकीय प्रश्नाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, जमिनीचे व्यवहार, वंशावळ्या, देवस्थानांची दप्तरे यांसाठी मोडीवाचकाची गरज पूर्वीही होती व पुढेही राहील, आणि यंत्राचा डोळा अजून मोडीत माणसाच्या डोळ्याइतका तयार झालेला नाही. मोडी शिकवून तिच्या जोडीला कागदाचे छायाचित्र नीट घेणे, त्याला क्रमांक देणे, लिप्यंतर युनिकोडमध्ये करणे आणि संशयित अक्षर कंसात दाखवणे एवढे शिकवले तर एका सत्रात विद्यार्थी कामाचा होतो.

सोलापूर जिल्ह्यात तर लिपीच्या अभ्यासाला दाराशीच आधार आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४० मधील, म्हणजे इ.स. १०१८ चा, मराठी मजकूर असलेला शिलालेख आहे. तो आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो. आनंद कुंभार यांनी या जिल्ह्यातील शिलालेखांसाठी आयुष्य वेचले. आपले विद्यार्थी सहलीसाठी तिथे जातात, छायाचित्रे काढतात आणि ती भ्रमणध्वनीत विसरून जातात. तीच छायाचित्रे तिरप्या प्रकाशात, मोजपट्टी ठेवून, ठिकाणाच्या नोंदीसह घेतली, लेखाचे वाचन व अर्थ शेजारी मांडला, आणि विकिपीडियाच्या मराठी आवृत्तीत किंवा विभागाच्या संग्रहात आधारासह नोंद केली, तर त्यातून दस्तऐवजीकरण नावाचे कौशल्य तयार होते. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथे लिहिताना आधार द्यावा लागतो, उतारे उचलता येत नाहीत आणि अलंकारिक भाषा चालत नाही. आपल्या प्रकल्पलेखनातील तीन जुने दोष तिथे अनोळखी माणूस येऊन पुसून टाकतो. विद्यार्थ्यांना ते प्रथम बोचते.

नवीन शैक्षणिक धोरणाने या कामाला चौकट दिली आहे. २०२३-२४ पासून पदव्युत्तर प्रथम वर्षात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आणि पदवी स्तरावर कौशल्याधारित पत्रिका आल्या. मराठीच्या विद्यार्थ्याला कार्यप्रशिक्षणासाठी कोठे पाठवावे, असा प्रश्न अनेक विभागप्रमुख विचारतात. उत्तर शहराच्या भूगोलात आहे. दैनिकांची कार्यालये, आकाशवाणीचे केंद्र, मुद्रणालये, जुनी वाचनालये, न्यायालयाच्या परिसरातील अनुवादक, महानगरपालिकेतील जनसंपर्काचे काम, आणि चादरी-टॉवेलांचा व्यापार करणाऱ्या पेढ्या. या पेढ्यांची मालाची वर्णने संकेतस्थळांवर इंग्रजीत किंवा मोडक्या हिंदीत असतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. पण वीण, सूत, रंग यांचे मराठी शब्द मागाजवळच्या माणसांच्या तोंडी आहेत आणि त्यांतले बरेच तेलुगूतून आलेले आहेत. ते गोळा करून मालाचे नेमके वर्णन मराठीत लिहिणे हे कोशकार्यही आहे आणि विक्रीचे कामही. एखाद्या विद्यार्थिनीच्या घरातच माग असेल, तर तिला माहितीसाठी दूर जावे लागणार नाही.

अडचणींविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. २००४ साली केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाच्या कक्षेत ग्रामीण महाविद्यालयांची संख्या मोठी आहे. तिथे संगणककक्ष असला तरी तो वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या वेळापत्रकात अडकलेला असतो. 'भाषा-प्रयोगशाळा' नावाची खोली असते, पण त्यातील भाषा बहुधा इंग्रजीच असते. विद्यार्थ्यापाशी संगणक नसतो, भ्रमणध्वनी मात्र असतो. म्हणून काही स्वाध्याय भ्रमणध्वनीवर करता येतील असेच आखावे लागतात : बोलीचे ध्वनिमुद्रण व लिप्यंकन, पानांची छायाचित्रे, अनुवादाची तपासणी. टंकलेखनाचा वेग मात्र काचेवर अंगठे फिरवून येत नाही. त्यासाठी भ्रमणध्वनीला जोडता येणारा स्वस्तातला कळफलक ग्रंथालयाने पुस्तकासारखा घरी द्यावा, अशी सूचना मी करीन. एका संदर्भग्रंथाच्या किमतीत असे एकाहून अधिक कळफलक येतात.

दुसरी अडचण अध्यापकांची आहे, म्हणजे आपली. पन्नाशीकडे झुकलेल्या अध्यापकाला विद्यार्थ्यांसमोर यंत्र हाताळताना संकोच वाटतो. पण इथे श्रमविभागणी शक्य आहे. कळ कोणती दाबायची हे विद्यार्थ्याला लवकर कळते. दिसणारा शब्द योग्य आहे की नाही हे अध्यापकाला कळते. दोघे एका पडद्यासमोर बसले तर कोणाचेच न्यून राहत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेले स्वाध्याय विद्यार्थी आणून देतात अशी तक्रार सध्या सर्वत्र ऐकू येते. तक्रार खरी आहे. परंतु 'ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये सांगा' असा प्रश्न आपण वर्षानुवर्षे देत राहिलो तर त्याचे ठरीव उत्तर पूर्वी मार्गदर्शिकेतून येत होते, आता यंत्रातून येते, इतकाच फरक आहे.

यातूनच मूल्यमापनाचा मुद्दा निघतो, आणि सुधारणेची खरी कसोटी तिथे लागणार आहे. तीन तासांच्या लेखी परीक्षेत यांतले काहीही तपासता येत नाही. उपयोजित मराठीच्या अंतर्गत गुणांसाठी मी पुढील पद्धत सुचवितो. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्राअखेर सुमारे दहा पानांची एक संहिता सादर करावी : एखाद्या जुन्या नियतकालिकातील लेखाचे यंत्रवाचन तपासून केलेली शुद्ध प्रत, किंवा एखाद्या परिपत्रकाचा अनुवाद, किंवा अर्ध्या तासाच्या मुलाखतीचे लिप्यंकन. ती युनिकोडमध्ये असावी, तिच्यात शब्द शोधता यावा. सोबत दुरुस्त्यांची नोंदवही असावी : यंत्राने काय दिले, विद्यार्थ्याने काय केले, कोणत्या आधाराने केले. गुण या नोंदवहीला द्यावेत आणि तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकाने तिच्यातील कोणत्याही तीन नोंदी उघडून कारण विचारावे. नोंदवही दुसऱ्याकडून लिहून घेता येईल, पण तिचे समर्थन उसने आणता येणार नाही. हीच संहिता आणि हीच नोंदवही घेऊन विद्यार्थ्याने दैनिकाच्या किंवा प्रकाशनसंस्थेच्या कार्यालयात जावे. 'काय येते?' या प्रश्नावर तिथे त्याला गुणपत्रिका काढावी लागणार नाही.